पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी

प्रश्न : ताई, नमस्कार. चौथीतल्या लेकीने हट्ट धरला म्हणून चार दिवसांपूर्वी पिवळा कॉकाटील, म्हणजे तुऱ्याचा छोटा परदेशी पोपट, आणला. दुकानदार म्हणाला, ‘हँडटेम म्हणजे माणसाळलेला आहे, आठवड्यात खांद्यावर बसेल.’ पण तो कोपऱ्यातून हलत नाही. पिंजऱ्यात हात घातला की तुरा पाडून फिस्कारतो. दाण्याची वाटी भरलेलीच दिसते. काल रात्री दोन वाजता तो पिंजऱ्यात जोरजोरात आपटला, सकाळी तळाशी पिसं आणि रक्ताचा एक ठिपका होता. आम्ही दोघंही नोकरीला जातो. आमचं काही चुकतंय का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला आणि वाटीवर फुंकर मारायला सांगितली. टरफलं उडाली म्हणालात तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे तो खात होता. कॉकाटील दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. त्यामुळे रिकामी वाटीही भरलेली दिसते आणि घरात दाणे असून पाखरू उपाशी राहतं. रोज सकाळी फुंकर मारायची, संध्याकाळी दाणे नवे घालायचे. दाणे खरोखर अख्खेच राहिले, पक्षी पिसं फुलवून तळाशी बसला किंवा श्वासागणिक शेपटी वरखाली होऊ लागली, तर त्याच दिवशी पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. पाखरं आजार लपवतात, आपल्याला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा कामाला लावा. मोठा झालेला कॉकाटील साधारण 80 ते 100 ग्रॅम भरतो. वजन दहाव्या हिश्शाने उतरलं, तर तो कितीही टवटवीत दिसो, डॉक्टरांना दाखवाच.

फिस्कारणं हा राग नाही, भीती आहे. तुरा डोक्याला चिकटवून फिस्कारला की ‘लांब राहा’. तुरा ताठ उभा झाला की तो दचकलाय. तुरा सैल, किंचित मागे कललेला असला की तो निवांत आहे. लेकीला आधी हे वाचायला शिकवा. आठवडाभर कुणीही पिंजऱ्यात हात घालायचा नाही, फक्त वाटी-पाणी बदलण्यापुरता, तोही सावकाश. तिने शेजारी बसून गृहपाठ मोठ्याने वाचावा. मग गजांच्या फटीतून राळ्याचं कणीस धरायचं. तो पुढे आला तर ठीक, नाही आला तर कणीस बाहेर घ्यायचं, पाठलाग करायचा नाही. माझी कॉकाटील हळदी पहिल्यांदा बोटावर आली ती एकविसाव्या दिवशी. आधी एक पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मी श्वास रोखून बसले होते.

हळदीही तुमच्या पाखरासारखीच पिवळी, म्हणजे ल्युटिनो. या रंगाचे कॉकाटील रात्री जास्त बिचकतात असं पाळणारे सांगतात, आणि माझा अनुभवही तोच आहे. पाल सरपटली, रस्त्यावरच्या गाडीचा उजेड भिंतीवरून फिरला, एवढं पुरतं. पिंजरा चारही बाजूंनी झाकू नका, एक बाजू उघडी ठेवा आणि खोलीत मंद दिवा राहू द्या. झोप मात्र दहा-बारा तास हवी, टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही. तो आपटायला लागला तर पकडू नका, दिवा लावून हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहा. कोवळं पीस तुटून रक्त आलं असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापसाने दाबून धरा. थांबलं नाही तर डॉक्टर.

आता जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी घर तपासा, आणि सुरुवात छतापासून करा. मे महिन्याची दुपार होती, पाहुणे आले होते, हळदी पडद्याच्या दांड्यावर बसली होती. घरातल्या सगळ्यांना नियम ठाऊक होता, पाहुण्यांना नव्हता. उकडतंय म्हणून त्यांनी सहज पंख्याचं बटण दाबलं. ती दचकून उडाली. पुढचं लिहवत नाही. ती नऊ वर्षांची होती, कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगतात. तेव्हापासून पाखरू बाहेर असलं की पंख्याच्या बटणावर आधी लाल चिकटपट्टी लागते, मग दार उघडतं. तुम्हीही आजच लावा. खिडक्यांना जाळी, आरशावर कापड, उघडी बादली झाकलेली.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावतो, माणसाला पत्ताही लागत नाही. बिडाचा तवा वापरा. मिरचीच्या फोडणीचा ठसका, उदबत्ती, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर यांच्यापासूनही पिंजरा लांब हवा. अव्हाकाडो आणि चॉकलेट विषारी. कांदा, लसूण, चहा, खारे शेंगदाणे अजिबात नकोत.

दिवसभर एकटा राहणार, म्हणून त्याला काम द्या. आयतं खाणं वाटीत आलं की पाखरू कंटाळतं आणि स्वतःचीच पिसं उपटू लागतं. पत्रावळीच्या पानात थोडी करडई गुंडाळा, मक्याच्या हिरव्या सालीत राळं दडवा, करवंटीत कागदाचे बोळे भरून मधे दाणे टाका. फाडू दे, पसारा होऊ दे. सुटे दोरे मात्र नकोत, बोटात अडकून बोट जातं. दुकानातली गुळगुळीत दांडी काढून पेरूची औषध न फवारलेली, जाडबारीक फांदी धुऊन लावा. नुसत्या दाण्यांवर अ जीवनसत्त्व मिळत नाही, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर रोज द्या, पहिले पंधरा दिवस तो ढुंकूनही पाहणार नाही तरी द्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (माकुळाच्या पाठीतल्या हाडाचा) तुकडा टांगा.

जोडीदार लगेच आणू नका. आणलाच तर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

प्रश्न : आठवडी बाजारातून पोपटाचं पिल्लू घेतलं, गळ्याला कंठ अजून फुटलेला नाही. तुमचे सल्ले याला चालतील का? – एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. आपला कंठवाला हिरवा पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो विकत घेणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे, प्रेमाने पाळला तरी. हे पिल्लू कुणाच्या तरी ढोलीतून काढलेलं आहे. कॉकाटील आणि बजरीगर हे छोटे पोपट परदेशी वंशाचे, पिंजऱ्यात पैदास झालेले, त्यांची गोष्ट वेगळी. आफ्रिकन ग्रे किंवा सन कोन्यूर हे परदेशी पोपट घ्यायचा विचार असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पिल्लू गच्चीवरून सोडून देऊ नका, कावळे त्याला तासभर जगू देणार नाहीत. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. माणसं येईपर्यंत खोक्यात सुती फडकं अंथरून त्याला उबेला ठेवा आणि चोचीत पाणी ओतू नका.