गिटारच्या नेकला तेल लावावे का?

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा नेक (तारांखालचा लांब दांडा) मेपल लाकडाचा असून त्यावर चकचकीत पॉलिश आहे. पावसाळ्यात अंगठा त्यावर चिकटतो आणि हात वरखाली नीट सरकत नाही. पॉलिश घासून काढावे आणि हाताने तेल चोळावे, असे एका मित्राने सुचवले. घाणीवरचे जवसाचे तेल त्यासाठी चालेल का, आणि हे काम घरी जमेल का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : काम घरी जमण्यासारखे आहे, परंतु ते करण्याची गरज आहे का, हे आधी पाहावे. आजच्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा गुळगुळीत थर असतो, आणि दमट हवेत घामट कातडी अशा थरावर चिकटून बसते. त्यात लाकडाचा दोष काही नाही. तारा उतरवून करड्या रंगाच्या बारीक स्कॉचब्राइटने नेकची मागची बाजू फक्त लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासली, की चकाकी जाते, हात सरकू लागतो आणि लाकडावरचे संरक्षणही शाबूत राहते. माझा सल्ला असा की, आधी एवढेच करून महिनाभर वाजवून पाहावे. बहुतेकांचे काम एवढ्यावरच भागते.

तरीही लाकडाचाच स्पर्श हवा असेल, तर तेलाकडे वळावे. आपल्या जवळच्या संखेड्याच्या फर्निचरवरची लाख लाकडाच्या वर थर धरून बसते. तेल मात्र लाकडाच्या तंतूंत मुरते आणि तेथेच घट्ट होते. म्हणून जुना थर राहिला असेल त्या जागी तेल मुरणार नाही, नुसते वर चिकट होऊन राहील. थर काढण्यापूर्वी नेक स्क्रूने बसवलेला असल्यास तो सोडवून घ्यावा, फ्रेटबोर्डच्या (बोटे दाबायच्या पुढच्या पट्टीच्या) कडा आणि नट (पट्टीच्या टोकाचा तारांच्या खाचांचा तुकडा) टेपने झाकावे, आणि हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, दर्शनी बाजूला हात लावू नये, कारण कंपनीचे नाव बहुधा त्याच थराखाली असते. नाकातोंडावर मास्क हवाच. पॉलिश पेपर १८० नंबरपासून सुरू करून २२०, ३२० आणि शेवटी ४०० पर्यंत न्यावा. थर निघाला की थांबावे. त्यापुढे घासत राहिल्यास नेकची गोलाईच बदलते, आणि गेलेले लाकूड परत आणता येत नाही. गिटार वॉरंटीत असेल तर ती वॉरंटी या कामाने संपेल, हेही लक्षात घ्यावे.

आता तेलाविषयी. जवसाचे तेल वाळते म्हणजे ते उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि त्याचे घन पदार्थात रूपांतर होते. तिळाचे वा शेंगदाण्याचे तेल असे घट्ट होत नाही आणि खोबरेल तर मुळीच नाही, त्यामुळे स्वयंपाकघरातली ही तेले नेकसाठी बाद समजावीत. घाणीवरचे जवसाचे तेल वाळते खरे, पण त्याला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. क्रिकेटच्या बॅटला ते चालते, कारण तेथे लाकडाने तेल प्यायले की पुरे. ज्यावर अंगठा तासन्‌तास फिरायचा, तेथे ते अडचणीचे ठरते. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘डबल बॉइल्ड’ तेलात तेल लवकर वाळवणारे धातूंचे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे कोरड्या हवेत ते साधारण एका दिवसात वाळते. ते कालांतराने पिवळे पडते. मूळच्या चीनमधल्या टुंग झाडाच्या बियांचे तेल त्या मानाने कमी पिवळे पडते आणि पाण्यापुढेही अधिक टिकते. बंदुकीच्या दस्त्याला लावायचे ‘गनस्टॉक ऑइल’ हा तिसरा पर्याय. म्युझिक मॅन या अमेरिकी कंपनीच्या अनेक गिटारींच्या नेकवर हेच तेल आणि वर मेण असते. मिळाल्यास मी तेच निवडेन.

घासून झाल्यावर ओलसर फडक्याने नेक एकदा पुसावा, वर उठलेले तंतू वाळल्यावर ४०० च्या पेपरने हलकेच उतरवावेत. मग जुन्या, धागे न सुटणाऱ्या सुती कपड्यावर चार-सहा थेंब घेऊन ते तळहाताच्या उबेने चोळावेत, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि वर राहिलेले सगळे तेल कोरड्या कपड्याने पुसून काढावे. या पुसण्यातच कंटाळा केला जातो. नंतर ‘तेल चिकट झाले’ म्हणून जी तक्रार येते, तिचे मूळ बहुधा येथेच असते. चोवीस तासांनी पुढचा हात द्यावा. चार-पाच हात पुरतात. मधूनमधून ०००० नंबरचे स्टील वूल फिरवता येते, पण पिकअपच्या (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाच्या) लोहचुंबकाला त्याचे बारीक तंतू चिकटतात, म्हणून ते काम गिटारच्या धडापासून दूर करावे.

हे सारे पावसाळ्यात करू नये. बडोद्याच्या आषाढ-श्रावणातल्या हवेत तेल फार हळू वाळते. दसरा उलटल्यावरचे दिवस उत्तम. शिवाय तेल पॉलियुरेथेनइतकी आर्द्रता अडवत नाही, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली धातूची सळई) थोडा फिरवावा लागण्याची शक्यता अधिक. हाताच्या मळाने मेपल करडे पडू लागले, की वर्ष-दोन वर्षांनी एखादा हात पुन्हा द्यावा.

तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात किंवा धुण्याच्या ढिगात कधीही टाकू नयेत. वाळताना तेल उष्णता सोडते. घडीत ती कोंडली की फडके आपोआप पेट घेते. प्रत्येक फडके गच्चीवर सुटे पसरून कडक होईपर्यंत वाळवावे, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावे.

प्रश्न : नेकचे उरलेले टुंग तेल मी रोझवूडच्या फ्रेटबोर्डलाही लावले. आठवडा झाला तरी बोटांना चिकट लागते.
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : रोझवूडमध्ये जे नैसर्गिक पदार्थ असतात, त्यांतले काही तेलाचे वाळणे रोखून धरतात, त्यामुळे आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही. कपडा टरपेंटाईनमध्ये किंचित ओला करून फ्रेटांच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधली जागा पुसावी, कपडा काळपट होणे थांबेपर्यंत पुसत राहावे आणि एक दिवस उघडे ठेवावे. रोझवूडला पॉलिशाची गरज नसते. ते कोरडे दिसू लागले तर वर्षातून एकदा-दोनदा मिनरल ऑइलचे थेंबभर बोट फिरवून लगेच पुसून टाकणे पुरेसे आहे. मेपलच्या फ्रेटबोर्डवर थर असेल, तर त्याला तेवढेही नको.