गणितात ४१, तरी प्रोग्रॅमिंग?

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. दहावीला गणितात ४१ मार्क पडले, म्हणून अकरावीला गणित घेतलंच नाही. आता तिला प्रोग्रॅमिंग शिकायचंय, बीसीए करायचं म्हणते. तिचे काका म्हणतात, ज्याला गणित येत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. काय करावं? – एक आई, बार्शी

ताई, उरलेले ५९ मार्क कुठे गेले, ते आधी बघा. सूत्रं विसरली, आकडेमोड चुकली असं असेल, तर खुशाल शिकू द्या. आकडेमोड मशीन करतं. पण शाब्दिक उदाहरण वाचून काय दिलंय नि काय काढायचंय हेच उमगत नसेल, तर ते दुखणं इथेही आडवं येईल.

घरीच बघता येईल. कॉम्प्युटर न उघडता, लीप वर्ष कसं ओळखायचं ते तिला कागदावर पायरी-पायरीने लिहू द्या. नियम असा : चारने भाग गेला तर लीप, पण शंभरने गेला तर नाही, मात्र चारशेने गेला तर पुन्हा लीप. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. यात गणित आहे ते प्राथमिक शाळेतल्या भागाकाराचं. गोची आहे अटींच्या क्रमात. 'चारने भाग जातो, झालं लीप' म्हणून ती मोकळी झाली, की १९०० चुकलं. (एक्सेल आजही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मुकाट्याने घेतं! लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक तशीच ठेवलीय.) आपली चूक तिची तिलाच सापडली आणि खोडून पुन्हा लिहावंसं वाटलं, तर मला मार्कलिस्ट बघायची नाही.

बीसीएला २०२४ पासून राज्यात सीईटी आहे. पहिल्या वर्षी तिच्यात इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्यज्ञान आणि कॉम्प्युटरची तोंडओळख होती, गणिताचा वेगळा विभाग नव्हता. तरी यंदाची माहितीपुस्तिका आणि कॉलेजची अट वाचूनच फॉर्म भरा. पुढे गणिताचा किंवा संख्याशास्त्राचा एखादा पेपर येईल, तो सोडवावा लागेल. वेबसाइट, बिलिंग, टेस्टिंग या कामांत बहुतेकदा टक्केवारीवर भागतं. मशीन लर्निंगचं, म्हणजे माहितीवरून मशीनला शिकवण्याचं, वेड असेल तर मात्र मॅट्रिक्स आणि संभाव्यता चुकत नाहीत.

एवढ्यात महागडा क्लास लावू नका. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट मिळते. बोर्डाची परीक्षा झाली की रोज तासभर बसू दे. पहिला प्रोग्रॅम लीप वर्षाचाच. १९००, २०००, २०२४, २१०० अशी चार वर्षं घालून तपासायला सांगा.