विचारा बिनधास्त: थंडीत पेंचला जायचं का?

प्रश्न: भाऊ, पावसाळाभर पेंचचं वाघांचं जंगल बंद होतं म्हणून पोरं नाराज होती, आता डिसेंबरात जायचं म्हणतेय, पण वाघ नाही दिसला तर पैसे वाया जातील का?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: अहो ताई, वाघाची गॅरंटी कोणीच देत नाही, जिप्सीवाला देत असेल तर समजून घ्या! मुख्य जंगल 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतं, त्यामुळे थंडीत सगळं नागपूर तिकडेच पळतं, विशेषतः शनिवार-रविवारी, म्हणून बुकिंग आधीच ऑनलाइन करून ठेवा.

पण मी म्हणेन, पेंचच्या सिल्लारी गेटजवळ एक रात्र राहाच. आपलं पेंच जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे आजूबाजूचे लाइट कमी केलेत आणि आकाश खरंच काळंभोर दिसतं, पोरांनी शहरात एवढे तारे कधी बघितलेच नसतील. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात, चंद्र नसला तर मजाच. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, डोळे अंधाराला सरावलेले राहतात. आणि स्वेटर, टोपी, मफलर घ्याच, उघड्या जिप्सीत पहाटे भल्ली थंडी वाजते.