नेदरलँड्समधल्या १९५३ च्या समुद्री पुराचं संग्रहालय कुठे आहे? मुद्दाम जाण्यासारखं आहे का?

झीलंड प्रांतातल्या औवरकेर्क गावात आहे आणि मुद्दाम वाट वाकडी करून जावं असंच आहे. कारण इथे इमारत हीच सगळ्यात मोठी वस्तू आहे. ३१ जानेवारीच्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचं वादळ एकत्र आलं, बांध फुटले, १,८३६ माणसं गेली. औवरकेर्कचं शेवटचं भगदाड नोव्हेंबरात बुजवलं ते काँक्रीटच्या चार प्रचंड पोकळ पेट्या बसवून. संग्रहालय त्याच पेट्यांच्या पोटात आहे.

आत घाई करू नका. मृतांची नावं जमिनीवरच्या वाळूत प्रकाशाने उमटतात आणि विरतात. त्या मांडणीचं नाव आहे '१८३५+१'. शेवटचा 'एक' म्हणजे त्याच रात्री जन्मून बुडालेलं, कुठेच नोंद न झालेलं बाळ. आकड्याची अशी फोड केल्यावर पुढचं प्रत्येक नाव थांबून वाचावंसं वाटतं. बांध पुन्हा कसे उभारले, पुढे समुद्र वाढला तर काय, हेही शेवटी आहे.

मात्र भर डच बाजूवर आहे. त्याच वादळाने इंग्लंडच्या किनाऱ्यावर ३०७ जण गेले. त्यांची स्मारकं तिकडच्या गावांतच पाहावी लागतील.