जाताना बोटीने, येताना रस्त्याने

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अडीच वर्षांची थोरली, पाच महिन्यांचा धाकटा आणि शनिवार-रविवार अलिबाग, हा बेत उत्तम. तू पाठवलेली यादी मात्र निम्मी काप. किनारा, कुलाबा किल्ला, रात्री बाहेर जेवण आणि रविवारी काशीद, हे कॉलेजातल्या पोरांचं वेळापत्रक झालं. तुमच्या हातात दिवसाचे दोनच तुकडे आहेत: सकाळी साडेसात ते बारा आणि दुपारी साडेतीन ते सात. मधला वेळ थोरलीच्या झोपेचा. ती झोप हुकली की संध्याकाळी वाळूत लोळून रडणं ठरलेलं, मग समुद्र कितीही छान असो. एका तुकड्यात एकच ठिकाण ठेव. काशीद म्हणजे एरवीही जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीत, ते या खेपेला नकोच.

खोली बुक करण्याआधी पंचांग उघड. कोकणात भरतीचा जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, आली पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला चोवीस भागिले चार, म्हणजे सहा. संध्याकाळी सहाला भरती, पाणी वरपर्यंत, मुलीला खेळायला पट्टाच उरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला हिशेब सव्वाअकराचा येतो, मग ओहोटी सुमारे सहा तासांनी, पाचच्या पुढे. चार ते सहा किनारा रुंद आणि ऊन उतरलेलं. तुम्हाला हेच हवं. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. निघण्याआधी त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता मात्र बघच, हिशेब फक्त आठवडा निवडायला. आणि पौर्णिमा-अमावास्येची भरती मोठी असते, ओहोटीनंतर पाणी भराभर आत येतं. साडेसहाला किनारा सोडायचा.

किल्ला राहू दे. ओहोटीला चालत जाता येतं हे खरं, पण वाट खडकाळ आणि शेवाळलेली. बाळ अंगाशी बांधून तिथे घसरणं परवडणारं नाही. थोरलीला फारच हौस असेल तर एका मोठ्या माणसाने तिला घोडागाडीतून नेऊन आणावं, तेही पाणी पूर्ण ओसरण्याच्या जरा आधी निघून, म्हणजे भरती चढण्याआधी परत येता येतं.

आता प्रवास. जाताना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घे, सकाळची. गाडीसकट जाता येतं, पाणी ओलांडायला साधारण तास लागतो, आणि त्या वेळी थोरली जागी असते. बोट, सीगल, मोठमोठी जहाजं, तिचा अर्धा शनिवार तिथेच वसूल. शनिवारची गाडीची जागा आधी काढून ठेव. बोटीवर गाडी खाली ठेवून वर जावं लागतं, त्यामुळे प्रॅम गाडीतच राहू दे आणि बाळाला छातीशी कॅरिअरमध्ये बांध. त्याचं तोंड तुला वाकून न बघता दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये. टेकली तर श्वास कोंडतो आणि बाळ आवाजही करत नाही. थोरलीला निघण्याआधी लगेच ग्लासभर दूध देऊ नकोस, तासभर आधी दे. गाडीत उलटी होते ती बहुधा त्या दुधाची.

बाळाची कार सीट मागच्या सीटवर, तोंड मागे. एअरबॅगसमोर कधीच नाही. थोरलीलाही तिच्या मापाची वेगळी सीट हवी. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोड. बाळाला मांडीवर घेऊन एकाच पट्ट्यात दोघांनी बसणं हेही फार धोक्याचं: धक्का बसला की मोठ्याच्या वजनाखाली पट्ट्यात बाळच चेपतं. दर दोन तासांच्या आत बाळाला सीटमधून काढून आडवं कर.

सामान तू भर. सूनबाईला नुसतं विचारत बसू नकोस, कारण ज्याने भरलं त्यालाच अंधारात सापडतं. डायपरचा हिशेब: बाळाला दर तीन तासांना एक, वर चार जादा. तुमच्या छत्तीस तासांना सोळा झाले. थोरलीला दहा. बाळाचे कपडे दिवसाला तीन जोड, थोरलीचे दोन, आणि तुम्हा दोघांचा एकेक जादा शर्ट. तो शर्ट सगळे विसरतात आणि मग ओकारीचा वास अंगावर घेऊन जेवायला बसतात. एक छोटी पिशवी सतत खांद्यावर: तीन डायपर, ओले रुमाल, एक दुपटं, दोन्ही मुलांचा एकेक जोड वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, थोरलीची पाण्याची बाटली. घाण कपडा त्याच पिशवीत परत जातो. बाकी सगळं डिकीत.

बाळाला वरचं दूध एकदा लागतं म्हणालास. पावडर डबीत एका वेळेपुरती मोजून घे, पाणी उकळून चांगल्या थर्मासमध्ये. पावडर गरम पाण्यातच कालवायची, पाणी किमान सत्तर अंश हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली गार पाण्याच्या मगात धरून कोमट कर. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, बाळाने तोंड लावल्यावर तासाभरात. उरलेलं ओतून दे, जीव हळहळला तरी. उन्हाचं म्हणून त्यात पाणी वाढवू नकोस आणि वरून पाणीही पाजू नकोस. सहा महिन्यांच्या आत तहान दुधानेच भागते, दोन वेळा जास्त पाजायचं.

थोरलीच्या जेवणासाठी घरमालकांना आदल्या दिवशीच फोन कर: मऊ वरणभात, तिखट नको. सोलकढीत मिरची-लसूण असतो, तिला आधी चाखून दे. मासा द्यायचा तर पापलेट, काटे बोटांनी चाचपून काढलेले. चिक्की आणि शेंगदाणे तिच्या हाती अजिबात नकोत, या वयात ठसका लागून श्वासनलिकेत अडकतात.

किनाऱ्यावर थोरलीचा डायपर काढून साधी सुती चड्डी घाल. डायपर खारं पाणी पिऊन गुडघ्यापर्यंत लोंबतो आणि मांड्या सोलवटतात. वाळू ओली असताना पुसू नकोस. सुकू दे, मग कोरड्या पंचाने झटक. बाळ सुरूच्या झाडांखाली सावलीतच, टोपी आणि पूर्ण बाह्यांचं झबलं घालून. या वयात सनस्क्रीन नको. वरसोली किंवा किहीमला सुरूचं बन आहे, म्हणून मी अलिबागच्या मुख्य किनाऱ्यापेक्षा तेच निवडेन.

पाण्याजवळ एक नियम फार कडक ठेव. कोणत्या क्षणी कोणतं मूल कोणाचं, हे तोंडाने बोलायचं: ‘आता ही तुझ्याकडे.’ समोरच्याने ‘घेतली’ म्हटलं की मगच नजर काढायची. चार मोठी माणसं बरोबर असताना मूल पाण्याकडे जातं ते याचमुळे, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. थोरली पाण्यात असेल तेव्हा हातभर अंतर, मोबाईल पिशवीत. हाच नियम बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाला. खरं तर समुद्रापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती आहे, कारण तिथे आपण सैलावतो. तलावाला कुंपण आणि खोलीच्या दाराला वरची कडी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचार. नसेल तर दुसरं घर बघ.

रात्री बाळाची गादी जमिनीवर, भिंतीपासून दूर, उशी-लोड काही नाही, वर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. थोरलीचं रोजचं पांघरूण घरून ने, धुतलेलं नसलं तरी.

औषधांत थर्मामीटर, डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेली पॅरासिटामॉलची मात्रा आणि ओआरएस. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यात अख्खं पाकीट एकदम घालायचं. चिमूटभर पेल्यात टाकून चालत नाही, मिठाचं प्रमाण बिघडतं. बाळाने दूध सोडलं, सहा तास लघवी केली नाही किंवा ते मलूल पडलं तर वाट बघायची नाही. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेचा नंबर 108.

येताना मात्र रस्त्यानेच ये. रो-रोला दुपारी झोपलेल्या मुलीला गाडीतून उपसून वर न्यावं लागतं. त्यापेक्षा रविवारी साडेअकराला जेवण, साडेबाराला गाडी सुरू. ती पोयनाडच्या आसपास झोपेल. पेणला थांब, ती झोपलेली असताना बाळाला पाजा, आडवं करा, डायपर बदला. अटल सेतू जवळजवळ बावीस किलोमीटरचा आहे आणि त्यावर गाडी थांबवता येत नाही, त्यामुळे हे सगळं आधीच उरकलेलं हवं. संध्याकाळी निघालास तर वडखळला गर्दीत अडकशील, आणि तिथे उपाशी बाळ आणि जागी झालेली थोरली एकाच वेळी सांभाळावी लागतील.

तुझी मावशी