धबधब्याची उंची नोंदवताना

साताऱ्याजवळच्या वज्राईची उंची ५६० मीटर सांगितली जाते आणि कर्नाटकातील कुंचिकलची ४५५ मीटर. तरीही देशातील सर्वांत उंच धबधबा म्हणून अनेक याद्यांत कुंचिकलचेच नाव का आढळते, आणि आपल्या तालुक्यातील धबधब्यांची नोंदवही करायची झाल्यास उंची कशी लिहावी, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराश करणारे आहे. हे आकडे कोठून कोठपर्यंतचे आहेत आणि ते कसे मोजले, हेच बहुतेक याद्यांत दिलेले नसते. त्यामुळे त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

जगातील पहिल्या क्रमांकाचीही हीच गत आहे. व्हेनेझुएलातील एंजल धबधब्याची ९७९ मीटर ही उंची १९४९ मध्ये रूथ रॉबर्टसन यांच्या मोहिमेत झालेल्या मोजणीतून आली. तीत सलग कोसळणारी धार ८०७ मीटरची आहे. उरलेल्या उंचीत पायथ्याचा खडकाळ उतार आणि त्याखालची एक लहान उडी धरलेली आहे. दक्षिण आफ्रिकेतील तुगेला पाच टप्प्यांत ९४८ मीटर उतरतो असे मानले जात होते, पण २०१६ मध्ये एका चेक मोहिमेने त्याची उंची ९८३ मीटर भरल्याचे सांगितले. ती मोजणी ग्राह्य धरली तर एकूण उंचीत तुगेला पुढे जातो, सलग उडीत मात्र एंजलच पुढे राहतो. म्हणूनच ब्रायन स्वॉन आणि डीन गॉस यांनी सुरू केलेल्या ‘वर्ल्ड वॉटरफॉल डेटाबेस’सारख्या सूचीत एकूण उंची आणि सर्वांत मोठी उडी यांची नोंद वेगवेगळी ठेवलेली असते. आपणही तसेच करावे. बेसाल्टच्या थरांमुळे सह्याद्रीतील धबधबे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, त्यामुळे दोन टप्प्यांमधील सपाटीवरचा ओढा धबधब्यात धरला की नाही, हे आपल्याकडे तर लिहायलाच हवे.

मोबाइलने दाखवलेल्या उंचीवर विसंबू नये. पहिली काही वर्षे मी तेच केले आणि त्या साऱ्या नोंदी पुढे खोडाव्या लागल्या. समोरच्या टेकाडावरून लेझर अंतरमापकाने कड्यापर्यंतचे आडवे अंतर घ्यावे आणि कोनमापकाने माथ्याचा व पायथ्याचा कोन मोजावा. अंतर २०० मीटर, माथा ४० अंश वर आणि पायथा ५ अंश खाली असेल, तर उंची सुमारे १८५ मीटर येते. माथ्याच्या कोनात एका अंशाची चूक झाली तर याच उदाहरणात सहा मीटरांचा फरक पडतो, म्हणून मोजणी दोन-तीन जागांवरून करावी. लेझर तुषारांवर न धरता शेजारच्या उघड्या कातळावर धरावा. अगदी जवळ उभे राहिल्यास खरा माथा कड्याआड जातो, आणि आपण भलत्याच ओठाला माथा समजून बसतो.

प्रत्येक नोंदीवर तारीख हवीच. १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण झाल्यापासून जोगचे पाणी धरणावर अवलंबून आहे. भंडारदऱ्याखालच्या रंधा धबधब्याचेही तसेच. भंडारदरा धरणाचा ‘अंब्रेला फॉल’ सुंदर असला तरी तो धरणातून सोडलेल्या पाण्याचा आहे, म्हणून मी तो नैसर्गिक धबधब्यांत धरत नाही. यावर मतभेद होऊ शकतात. नाहीशा झालेल्या धबधब्याची नोंद मात्र काढून टाकू नये. ब्राझील-पॅराग्वे सीमेवरील ग्वाइरा १९८२ मध्ये इताइपू धरणाच्या जलाशयात बुडाला, पण सूचीत त्याची जागा कायम असायला हवी.

नावांच्या बाबतीत घाई करू नये. पेरूतील गोक्ता धबधबा २००६ मध्ये ‘शोध’ म्हणून जगापुढे आला, तेव्हा पायथ्याच्या गावातील लोकांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. आपल्याकडेही फिरायला आलेल्यांनी ठेवलेली इंग्रजी नावे नकाशांवर झपाट्याने चढत आहेत. माथ्यावरच्या वाडीत एक नाव आणि पायथ्याच्या गावात दुसरे असेल, तर दोन्ही लिहावीत. ज्या ओढ्यावर, पऱ्यावर किंवा व्हाळावर धबधबा आहे त्याचे नावही विचारून घ्यावे. गुराख्यांना ते बहुधा माहीत असते, आणि धार कोणत्या महिन्यापर्यंत टिकते हेही तेच सांगू शकतात.