गच्चीवरच्या मातीच्या कुंड्या रंगवल्या तर चालतील का?

प्रश्न: १० बाय १५ फुटांची गच्ची आहे. टेराकोटाच्या कुंड्यांची बाग करायची आहे. मांडणी कशी करावी? कुंड्यांना पांढरा रंग दिला तर चांगलं दिसेल का?

उत्तर:

दिसेल की. साधारण जूनपर्यंत.

मांडणीचं नंतर बघू, आधी रंगाचं. त्यावरून आमच्या घरात ७ वर्षं वाद चालू आहे आणि दर गणपतीत त्याला नव्याने फोडणी बसते.

पुतणीच्या लग्नाआधी दादाला गच्ची 'फोटोत यायला' हवी होती. त्याने आईच्या २२ कुंड्यांना बाहेरून पांढरा ऑइलपेंट फासला. त्यातल्या निम्म्या मी मुंढव्याच्या केशवनगरातून कुंभारांकडून एकेक वाजवून आणलेल्या. (खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर कुठेतरी तडा असतो.) मी म्हटलं, गेरू लाव. तर म्हणे, गेरू पाहुण्यांच्या कपड्यांना लागतो. अल्बममध्ये गच्ची झकास आली आहे, ते मान्य.

जुलैत मोगरा पिवळा पडला. माती ओली, तरी पानं माना टाकलेली. कुंडी उपडी केली तर मुळं काळी, चिमटीत धरून ओढली की साल निसटून हातात आणि आत नुसता दोरा. वास गटाराचा. तसाच अनंतही गेला, आईचा १५ वर्षांचा. टाकीमागची एकच कुंडी रंगवायची राहिली होती, कारण डबा संपला. तिच्यातला मोगरा टवटवीत. तीही उपसून पाहिली: कडेने पांढऱ्या मुळांची जाळी.

माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपतं, उडून जातं, मुळांशी हवा खेळते. ऑइलपेंट लावलात की ती कुंडी म्हणजे जड प्लास्टिकची बादली. मग सरळ प्लास्टिकच घ्या, उचलायला तरी हलकं. शिवाय आतली ओल रंगाला ढकलते आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडे निघतात. आमचे निघाले.

दादाचं म्हणणं, काळी माती चिकट होती. होतीच. पण टाकीमागच्या कुंडीत काय वेगळी होती?

पांढरे डाग झाकायला रंग लावणार असाल तर ते बोअरच्या पाण्यातले आणि खतातले क्षार आहेत. काथ्याने घासा, नाहीतर राहू द्या. मला तर ते आवडतात.

मांडणी: मोठ्या कुंड्या कठड्याच्या कडेने, खालच्या भिंती किंवा तुळयांच्या वर, मधोमध नको. १२ इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज २० किलो भरते. पश्चिमेला जास्वंद, कढीपत्ता अशी उंच झाडं, त्यांच्या सावलीत लहान कुंड्या घोळक्याने. एका ओळीत शिपायांसारख्या उभ्या करू नका, उन्हात एकेक भाजून निघते. प्रत्येकीखाली विटांचे तुकडे. पोट मोठं आणि तोंड लहान अशी कुंडी दिसते सुंदर, पण तिच्यात झुडूप लावलंत तर कुंडी बदलताना ती फोडावीच लागते. पावसाळ्यात खालच्या ताटल्या काढा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

एक सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये मातीच्या कुंड्यांना दोन वेळा पाणी लागतं. तेवढा वेळ नसेल तर माझं सगळं विसरा. नेच्यासारख्या ओल मागणाऱ्या झाडांना रंगवलेली कुंडी चालूनही जाईल.

आणि हो, आई त्या पावसातही सवयीने रोज सकाळी प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी घालायची. टाकीमागे तिचा हात पोचत नसे. दादाच्या हे अजून लक्षात आलेलं नाही.